मूसची गोळी आणि डमडमची गोळी



उत्तरेकडील देशांत मूस नावाचे जे प्रचंड हरीण आढळते, त्याच्या शिकारीसाठी रायफलीचे काडतूस कोणते आणि गोळी कोणती निवडावी, हा आमचा आजचा विषय आहे. वसंत व्याख्यानमालेच्या श्रोत्यांना हा विषय काहीसा आडवळणाचा वाटेल. आपल्यापैकी कुणी मूस पाहिलेला असण्याचा संभव थोडा. आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापासून आपल्या देशात शिकारीचा शौक उरलेला नाही, ही गोष्ट चांगलीच झाली. मग या उठाठेवीचे प्रयोजन काय, असे कुणी विचारील. त्याला आमचे उत्तर असे, की या साध्या दिसणाऱ्या प्रश्नाच्या पोटात गेल्या दीडशे वर्षांतील विज्ञानाचा, युद्धाचा आणि नीतीचा एक विलक्षण इतिहास दडलेला आहे, आणि त्या इतिहासाचे एक महत्त्वाचे प्रकरण आपल्याच भूमीवर, कलकत्त्याजवळच्या डमडम गावी घडलेले आहे. जी गोळी युद्धात क्रूर म्हणून निषिद्ध ठरली, तीच गोळी मूसच्या शिकारीत दयेची म्हणून कायद्याने सक्तीची झाली. हे कसे घडले, एवढेच आज आपल्याला पाहावयाचे आहे.

प्राणी आणि प्रश्न

प्रथम प्राण्याची ओळख करून घेऊ. हरणांच्या कुळात मूसपेक्षा मोठा प्राणी नाही. खांद्यापाशी त्याची उंची सहा फुटांच्या पुढे जाते. स्वीडनमधला पूर्ण वाढलेला नर चारपाचशे किलो भरतो; अलास्कातला त्याहूनही जड. आपल्या सह्याद्रीतला वा मेळघाटातला सांबर डोळ्यांपुढे आणा, आणि त्याच्या जवळजवळ दुप्पट वजनाचे, लांब पायांचे, फावड्यासारख्या रुंद शिंगांचे जनावर कल्पा, म्हणजे अंदाज येईल. नावाचाही एक घोटाळा आहे. युरोपात इंग्रजी बोलणारे लोक यालाच एल्क म्हणतात, आणि अमेरिकेत एल्क म्हणतात ते हरीण अगदी निराळे. म्हणून आपण मूस हेच नाव चालवू.

स्वीडनमध्ये १७८९ साली तिसऱ्या गुस्ताव राजाने मोठ्या शिकारीचा हक्क सरदारांपुरता न ठेवता जमीनदार शेतकऱ्यांनाही दिला. त्यानंतर मूस इतके मारले गेले, की पुढच्या शतकाच्या पूर्वार्धात ते विरळ झाले. पुढे निर्बंध आले, लांडगे कमी झाले, जंगलशेतीमुळे कोवळ्या पालवीचा चारा वाढला, आणि मूस पुन्हा इतके माजले की १९८२ साली एका वर्षात सुमारे पावणेदोन लाख मूस मारले गेले. तिकडे मूसची शिकार हा राजेरजवाड्यांचा शौक नाही. गावातले सुतार, मास्तर, परिचारिका शरद ऋतूत टोळी करून रानात जातात आणि वर्षाची मांसाची बेगमी करतात. पाइनच्या कोवळ्या रोपांचा फडशा पाडणाऱ्या आणि रात्री रस्त्यावर मोटारीपुढे येणाऱ्या या जनावराची संख्या आटोक्यात ठेवणे हेही त्यामागे असते.

आता खरा प्रश्न. एवढे मोठे जनावर मारायचे, तर ते झटकन मेले पाहिजे. मूसच्या अंगी एक चमत्कारिक स्थितप्रज्ञता आहे. फुफ्फुसातून गोळी आरपार गेली तरी तो पुष्कळदा दचकत नाही, उडी मारीत नाही. जणू काही झालेच नाही असा क्षणभर उभा राहतो किंवा चार पावले चालतो, आणि मग कोसळतो. पण गोळी उथळ गेली, तर हेच जनावर दलदलीत मैलोगणती चालत जाते आणि दिवसेंदिवस तडफडते. नेम साफ चुकला तर शिकाऱ्याची फजिती होते, एवढेच. अर्धवट लागला तर मात्र ते पाप ठरते. म्हणून काडतुसाची निवड हा हौसेचा नव्हे, जबाबदारीचा प्रश्न आहे.

जाड गोळीचे युग

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या प्रश्नाला एकच उत्तर होते : गोळी जाड घ्या. काळ्या दारूने गोळीला सेकंदाला चारशे मीटरांच्या आसपासच वेग देता येई. वेग वाढविता येत नसला, तर वजन वाढविणे एवढाच उपाय उरतो. सॅम्युएल बेकरसारखे शिकारी सिलोनात हत्तींवर ज्या बंदुका चालवीत, त्यांच्या एकेका गोळीचे वजन छटाकात मोजावे लागे. सातपुड्याच्या रानात फिरलेला कॅप्टन जेम्स फॉर्साइथ याने १८६३ साली शिकारी रायफल आणि तिच्या गोळ्या याच विषयावर एक ग्रंथ लिहिला, आणि त्यात मोठ्या तोंडाच्या नळीतून सुटणाऱ्या वाटोळ्या गोळीचा कैवार घेतला. म्हणजे काडतूस कोणते आणि गोळी कोणती, हा वाद आपल्या विदर्भाच्या उंबरठ्यावर त्या काळीही चालू होता.

काडतूस या वस्तूशी आपला संबंध त्याहूनही जुना आणि कडू आहे. १८५३ च्या एन्फील्ड रायफलीचे काडतूस कागदाचे होते. ते दातांनी फोडून दारू नळीत ओतायची आणि मग चरबी लावलेली गोळी ठासायची. ही चरबी गाईची आणि डुकराची आहे, ही वार्ता १८५७ च्या जानेवारीत प्रथम जिथे फुटली, ते गाव म्हणजे डमडम. कारण नव्या रायफलीचे शिक्षण देण्याची एक शाळा तिथे होती. वरसईच्या गोडसे भटजींनी आपल्या ‘माझा प्रवास’ या वृत्तांतात या काडतुसांची हकीकत नोंदविली आहे. पुढे काडतुसाची पुंगळी पितळेची झाली. १८६९ साली पुण्याजवळ खडकीला दारूगोळ्याचा कारखाना निघाला. पण डमडमचे नाव जगाच्या तोंडी व्हायला आणखी चाळीस वर्षे जायची होती.

वेगाचे युग

१८८४ साली पॉल व्हिएय या फ्रेंच रसायनज्ञाने बिनधुराची दारू तयार केली, आणि दोन वर्षांत फ्रेंच सैन्याच्या हाती आठ मिलिमीटरची लेबेल रायफल आली. या दारूने गोळीचा वेग दीडपटीहून अधिक वाढला. आता वेगाचे गणित असे आहे, की गोळीचे वजन दुप्पट केले तर तिची ऊर्जा दुप्पट होते, पण वेग दुप्पट केला तर ऊर्जा चौपट होते. साहजिकच साऱ्या राष्ट्रांनी जाड गोळी टाकून बारीक आणि वेगवान गोळीचा मार्ग धरला. मात्र उघडे शिसे एवढा वेग सोसत नाही. नळीतल्या पेचांवर ते खरवडले जाते. त्यावर स्वित्झर्लंडच्या एडुआर्ड रुबिन याने शिशावर तांब्याचे आवरण चढविण्याची युक्ती काढलीच होती.

या लाटेत स्वीडन आणि नॉर्वे यांनी काय केले, ते पाहण्यासारखे आहे. हे दोन देश तेव्हा एका राजाच्या छत्राखाली होते. १८६७ पासून दोघांच्या सैन्यांकडे बारा मिलिमीटरांहून जाड गोळीची रेमिंग्टन रायफल होती. १८९४ साली दोघांनी मिळून साडेसहा मिलिमीटरचे, पंचावन्न मिलिमीटर लांब पुंगळीचे काडतूस स्वीकारले. रायफली निराळ्या, स्वीडनची माउझर आणि नॉर्वेची क्राग-योर्गेनसेन. पण काडतूस एकच. १९०५ साली हे जोडराज्य फुटले आणि दोन्ही सैन्ये सरहद्दीवर समोरासमोर आली, तेव्हा दोघांच्या रायफलींत तेच सामाईक काडतूस होते. सुदैवाने ते एकमेकांवर झाडले गेले नाही. ते पुढे गेले रानात, मूसच्या मागावर. आणि तिथे ते आजही आहे.

पण वेगवान गोळीने एक नवीच अडचण उभी केली. सगळीकडून कवच असलेली टणक, बारीक गोळी जनावराच्या अंगातून सुईसारखी आरपार निघून जाते. तिची बहुतेक ऊर्जा पलीकडच्या झाडात जाते, जनावरात राहत नाही. जखम अरुंद, रक्तस्राव मंद. जनावर लांब पळते आणि सावकाश मरते. शिकाऱ्यांपैकी काही जण मग लष्करी गोळीचे टोक कानशीने घासून आतले शिसे उघडे करू लागले. हा उपाय धोक्याचा होता. कारण त्या गोळीचे कवच मागच्या बाजूने उघडे असे, आणि पुढूनही उघडे केले की शिसे तेवढे सुटून जाई व रिकामी नळकांडी बंदुकीच्या नळीत अडकून राही. पुढचा बार स्वतःच्याच तोंडावर! टोकाशी शिसे उघडे आणि मागे बंद, अशी मऊ टोकाची गोळी कारखान्यातच बनवावी लागते. स्वीडनमध्ये १९०२ साली निघालेल्या नोर्मा कारखान्याची पुढची ख्याती मुख्यतः अशा शिकारी गोळ्यांवरच उभी राहिली.

डमडम आणि हेग

हीच अडचण इंग्रजांना वायव्य सरहद्दीवर आली होती. १८९५ च्या चित्राळच्या मोहिमेत सैनिकांनी तक्रार केली, की नव्या .३०३ रायफलीची गोळी लागूनही पठाण थांबत नाही. तेव्हा डमडमच्या तोफखान्याचे अधीक्षक कॅप्टन बर्टी-क्ले यांनी गोळीच्या टोकाचे कवच थोडे मागे घेऊन शिसे उघडे ठेवले. अंगात शिरताच ते टोक छत्रीसारखे पसरे आणि भयंकर जखम करी. हीच ती डमडमची गोळी. १८९७-९८ च्या तिराहच्या मोहिमेत ती वापरली गेली. ट्यूबिंगेनचे शल्यवैद्य ब्रून्स यांनी मऊ टोकाच्या गोळ्यांच्या जखमांवरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले, आणि युरोपात मोठा गदारोळ उठला.

१८६८ साली सेंट पीटर्सबर्गला राष्ट्रांनी एक तत्त्व मान्य केले होते : युद्धाचा हेतू शत्रूचा सैनिक निकामी करणे एवढाच आहे, निकामी झालेल्याच्या यातना वाढविणाऱ्या शस्त्राला त्यात स्थान नाही. या तत्त्वाच्या आधारे १८९९ साली हेगच्या शांतता परिषदेत शरीरात सहज पसरणाऱ्या गोळ्यांवर युद्धापुरती बंदी घालणारा ठराव झाला. ब्रिटन आणि अमेरिका यांनी त्याला विरोध केला. ब्रिटनच्या बाजूने सर जॉन आर्डा यांनी मांडलेला युक्तिवाद ऐकून आजही अंगावर शहारा येतो. सुसंस्कृत सैनिक गोळी लागली की समजून मागे हटतो; रानटी मनुष्य मात्र जखमी होऊनही अंगावर धावून येतो, म्हणून त्याला निराळी गोळी हवी, असा त्याचा आशय होता. ब्रिटनने ती बंदी मान्य केली १९०७ साली.

या युक्तिवादाचे मर्म ध्यानात घ्या. साध्या गोळीने थांबत नाही म्हणून पसरणारी गोळी, हा अगदी मूसच्या शिकाऱ्याचा युक्तिवाद आहे. तोच येथे सरहद्दीवरच्या, आपली भूमी राखणाऱ्या माणसांना लावलेला आहे. माणसांचे दोन वर्ग करून त्यांतल्या एका वर्गाला शिकारीच्या जनावराच्या पंक्तीला बसविले, की मग शस्त्राची निवड ही नुसती यंत्रशास्त्राची बाब होऊन बसते. साम्राज्यशाहीचे सारे तत्त्वज्ञान त्या शिशाच्या उघड्या टोकावर उभे होते.

मग कुणी म्हणेल, जी गोळी माणसाला वाईट, ती जनावराला चांगली कशी? या प्रश्नाचा निकाल हेतूने लागतो. सैनिकाला निकामी करायचे असते. त्याला उचलून नेता येते, त्याच्यावर शस्त्रक्रिया होते, तो बरा होऊन घरी जाऊ शकतो. म्हणून जी जखम भरून येईल ती बरी. मूसला इस्पितळ नाही. त्याच्या बाबतीत जखम भरून येण्याची आशा म्हणजे लांबलेले मरण. तेथे दया एकच, ती म्हणजे वेळ तोडणे. दोन्हीकडचा कायदा अनावश्यक यातना टाळा एवढेच सांगतो. पण एकीकडे त्यातून बंदी निघते आणि दुसरीकडे सक्ती. स्वीडनच्या आजच्या नियमाप्रमाणे मूसवर झाडायची गोळी पसरणारीच असली पाहिजे. शिवाय ती निदान नऊ ग्रॅमची असून शंभर मीटरांवर तिच्यात २,७०० ज्यूल ऊर्जा उरावी, किंवा निदान दहा ग्रॅमची असून २,००० ज्यूल उरावी. दोन हजार ज्यूल म्हणजे दोनशे किलोचे ओझे एक मीटर उचलण्याइतकी ऊर्जा. ते जुने साडेसहा मिलिमीटरचे काडतूस १०.१ ग्रॅमच्या गोळीसह या दुसऱ्या अटीत बसते.

चिखलातला मूस

परंतु पसरणारी गोळी घेतली म्हणजे प्रश्न सुटला असेही नाही. १९४६ च्या शरदात जॉन नॉस्लर नावाचा अमेरिकेतील ओरेगॉनचा एक मालमोटारवाला कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात मूसच्या शिकारीस गेला. त्याच्यापाशी हॉलंड अँड हॉलंड यांचे ३०० मॅग्नम हे त्या काळचे नामांकित जोरदार काडतूस होते. मूस चिखलात लोळून आलेला, अंगावर चिखलाचा जाड थर. नॉस्लरच्या गोळ्या त्याला लागल्या, पण वेग फार असल्याने त्या वरच्यावरच फुटून गेल्या. आत खोल गेल्याच नाहीत. म्हणजे कवचबंद गोळी फार टणक म्हणून निकामी, आणि मऊ टोकाची गोळी फार वेगवान काडतुसात फार मऊ म्हणून निकामी!

नॉस्लरने घरी येऊन विचार केला आणि एक साधी युक्ती काढली. त्याने तांब्याची अशी गोळी घडविली, की तिच्या मध्यावर तांब्याचाच एक आडवा पडदा आहे. पडद्यापुढे शिसे, पडद्यामागे शिसे. जणू दोन खणांची डबी. पुढचा खण अंगात शिरताच उमलतो आणि रुंद जखम करतो; पडद्यामुळे मागचा खण अभंग राहतो आणि आपल्या वजनाने खोल जातो. १९४७ साली तो पुन्हा त्याच रानात गेला आणि या गोळीने मूस पडला. १९४८ साली त्याने तिचा कारखाना काढला. जर्मनीत याच तत्त्वावरची एक गोळी आधीही होती. पण शिकारी जगाला काडतुसाआधी गोळीची घडण पाहायला शिकविले ते नॉस्लरने, असे म्हणायला हरकत नाही. त्यानंतर शिसे आणि कवच एकमेकांस जोडून टाकलेल्या गोळ्या आल्या, आणि शिसे मुळीच नसलेल्या निव्वळ तांब्याच्या गोळ्याही आल्या.

निवड कशी करावी

आता मूळ प्रश्नाकडे वळू. स्वीडन-नॉर्वेच्या रानात आज चार-पाच काडतुसे प्रामुख्याने दिसतात. एक ते आपले साडेसहा मिलिमीटरचे. दुसरे अमेरिकन सैन्याचे १९०६ सालचे .३०-०६, आणि त्याचेच आखूड भावंड म्हणावे असे १९५२ चे.३०८. या दोहोंत साधारण पावणेबारा ग्रॅमची गोळी घालतात. आणि तिसरे बर्लिनच्या ओटो बॉक या बंदूक-कारागिराचे १९०५ सालचे ९.३ मिलिमीटरचे, त्याची गोळी अठरा ग्रॅमांच्या पुढे जाते. यांपैकी कोणतेही घेतले, आणि गोळी नीट घडणीची असली, तर फुफ्फुसांत लागलेल्या एका गोळीने मूस पडतो. मोठ्या काडतुसाने जखम मोठी होते आणि तिरप्या अंगाने हाडातून जायचे झाल्यास त्याचा उपयोग आहे, हे खरे. पण त्याच्या धक्क्याने खांदा दुखावतो, बार काढताना डोळे मिटू लागतात, आणि डोळे मिटून झाडलेली मोठी गोळी ही छोट्या गोळीपेक्षा केव्हाही वाईट.

लहान गोळीचे कैवारी डब्ल्यू. डी. एम. बेल या शिकाऱ्याचे उदाहरण देतात. त्याने आफ्रिकेत हजारावर हत्ती मारले, त्यांतले पुष्कळसे सात मिलिमीटरच्या काडतुसाने. उदाहरण खरे आहे, पण ते अर्धवट सांगितले जाते. बेलची गोळी कवचबंद होती, कारण हत्तीच्या कवटीत खोल जाणे एवढेच तिचे काम होते. आणि हत्तीचा मेंदू नेमका कुठे असतो हे तो शरीरशास्त्रज्ञासारखे जाणत होता. म्हणजे तेथेही यश काडतुसाचे नव्हतेच, ज्ञानाचे होते.

हे ओळखूनच स्वीडनने काडतुसाच्या नियमावर भागविले नाही. १९८५ पासून नव्या शिकाऱ्याला परीक्षा द्यावी लागते. रुळांवरून धावणाऱ्या पूर्ण आकाराच्या कागदी मूसवर ऐंशी मीटरांवरून नेमबाजीचा सराव करण्याची तिकडे जुनी परंपरा आहे. आणि मूस जखमी होऊन निसटला, तर माग काढणारा शिकविलेला कुत्रा दोन तासांच्या आत जागेवर आणता आला पाहिजे, असा दंडक आहे. या व्यवस्थेत शस्त्राच्या नियमाइतकाच शस्त्र धरणाऱ्याच्या शिक्षणाचा नियम पक्का आहे.

अलीकडे या प्रश्नाला आणखी एक पदर जोडला गेला आहे. शिशाची गोळी उमलताना तिचे बारीक कण मांसात दूरवर पसरतात, आणि ते मांस मुलाबाळांच्या पानात जाते. स्वीडनच्या सरकारी अन्नखात्याने जखमेभोवतीचे मांस सढळ हाताने कापून टाकण्याचा सल्ला दिला, आणि डेन्मार्कने २०२४ साली रायफलीच्या शिशाच्या गोळ्यांवरच बंदी घातली. म्हणजे गोळी निवडताना आधी फक्त शिकाऱ्याचा विचार होता. मग जनावराच्या यातनांचा आला. आणि आता जेवणाराचा, त्या जखमी अवशेषांवर पोसणाऱ्या गरुडांचाही आला.

श्रोतेहो, या इतिहासाचे तात्पर्य आम्हांला असे दिसते. जाड गोळीकडून वेगवान गोळीकडे आणि तेथून सुघड गोळीकडे असा हा प्रवास झाला. पण प्रत्येक टप्प्यावर खरा प्रश्न गोळीचा नव्हता. ज्याच्यावर ती झाडायची, त्याच्या वेदनेला आपण किती किंमत देतो, हा होता. उत्तरेकडच्या खेड्यातला सुतार एका मुक्या जनावराच्या मरणाची दोन मिनिटे कमी व्हावीत म्हणून ग्रॅम आणि ज्यूल मोजतो. आणि एका बलाढ्य साम्राज्याचा प्रतिनिधी भर परिषदेत काही माणसांच्या वेदना हिशेबात धरायला नकार देतो. शिसे तेच, तांबे तेच, टोकाची घडणही जवळजवळ तीच. शस्त्र कोणते वापरले एवढ्यावरून माणसाची संस्कृती कळत नाही; ते निवडताना समोरच्याला त्याने कोण मानले, यावरून कळते. हेगच्या त्या ठरावाला सव्वाशे वर्षे होऊन गेली. ही कसोटी मात्र जुनी झालेली नाही, आणि ती लावून पाहण्यासाठी मूसच्या रानात जाण्याची गरज नाही.